सैतान सुटलाय आणि डफडं खुंटीवर

मागच्या महिन्यात आमच्या अनसिंगात, वाड्यातल्या समाजमंदिरात, दहा-बारा पोरं जमली होती. रविवारी जमतो आम्ही. कोणी कविता वाचतो, कोणी पेपरातलं काही. त्या दिवशी मी मोबाईलवर एक गाणं लावलं. इंग्रजी. बाईचा आवाज. पोरं आधी हसली, मग गप्प झाली, मग एकाचा पाय हलायला लागला.

बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक बसले होते. चळवळीतले, चांगले माणूस. ते म्हणाले, "बंद करा हे. डिस्को म्हणजे भांडवलदारांनी पोरांना पाजलेली अफू. आपल्याला विचार पाहिजे, नाच नको."

भिंतीला टेकून आमचे मोठेबाबा बसलेले. ते इंग्रजी समजत नाहीत, पण ठोका समजतात. ते म्हणाले, "डफडं गळ्यातून काढायले आमची हयात गेली बाप्पा. अन् तू पुन्हा हे वाजवणं-नाचणं वाड्यात आनून राह्यला?"

दोघांनाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी बोलण्यात कच्चा. जिनिंगात राबणाऱ्या माणसाला दोनच आवाज येतात, एक ओरडण्याचा, एक गप्प बसण्याचा. म्हणून लिहितो. सर, हे तुम्हाला. मोठेबाबा, हे तुम्हालाही. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

*

आधी ती तबकडी काय ते सांगतो.

नाव ‘द डेव्हिल इज लूज’. म्हणजे सैतान सुटलाय. साल १९७६. कंपनी सीबीएस. निर्माता डीटर झिमरमन नावाचा जर्मन. आणि गाणारी आशा पुथली, मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली. वाड्यात नाव कोणी ऐकलं नव्हतं. सरांनीही नाही. आपल्याकडं आशा म्हटलं की भोसले.

मी तिच्यापर्यंत पोचलो तो उलट्या रस्त्यानं. जिनिंगात माझ्यासोबत रात्रपाळीला एक पोरगा असतो. त्याच्या मोबाईलात सगळं रॅप. चहाच्या सुट्टीत त्यानं नोटोरियस बी.आय.जी. नावाच्या ब्रुकलिनच्या काळ्या रॅपरचं गाणं लावलं. हा माणूस ९ मार्च १९९७ ला गोळ्या घालून मारला गेला, वय चोवीस. त्याची ‘लाइफ आफ्टर डेथ’ ही तबकडी मेल्यावर दोन आठवड्यांनी आली. तिच्यातल्या एका गाण्याखाली एक सूर सारखा फिरत राहतो. मी विचारलं, हा सूर कोणाचा रे? पोरगा म्हणाला, जुन्या गाण्यातून उचललाय. शोधत गेलो तर निघाली आशा पुथली. गाणं ‘स्पेस टॉक’, तबकडी हीच, सैतान सुटलाय.

ऐका एकदा. खालून बास येतो, जड, बिनघाईचा, रात्रपाळीचा माणूस चालतो तसा. त्यावर तिचा आवाज. आधी कानाशी कुजबुजतो, मग एकदम वर उडतो अन् कुठंतरी धुरात विरतो. त्यात जॅझचं मोकाट सुटणं आहे, सोलची आच आहे, फंकचा ठोका आहे, डिस्कोची चमक आहे. आणि गळ्याला वळण आहे ते हिंदुस्थानी गाण्याच्या तालमीचं. पाच भांड्यांतलं एका भांड्यात ओतलं, पण खिचडी झाली नाही. प्रत्येकाची चव वेगळी लागते.

सर म्हणतील, लागली चव, पुढं काय? पुढं हे, की या पाचांतली चार भांडी कोणाच्या घरातली आहेत ते बघा.

*

मी कापसाच्या यंत्रावर काम करतो. ओळीनं रेचे लागलेले. एकीकडून कापूस जातो, रुई वेगळी होते, सरकी खाली पडते. नाकात रुई, केसात रुई, थुंकलो तरी रुई.

या यंत्राचा इतिहास वाचला तेव्हा हात थांबला. १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाच्या अमेरिकन माणसानं सरकी काढायचं यंत्र बनवलं. वाटेल की यंत्र आलं, माणसाचे कष्ट कमी झाले. झालं उलटं. सरकी झटपट निघायला लागली तशी मालकांनी आणखी जमीन कापसाखाली आणली, आणि तो वेचायला आणखी गुलाम. १७९० मध्ये तिथं सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये सुमारे चाळीस लाख. यंत्र कोणाचं कष्ट वाचवतं हे यंत्रावर अवलंबून नसतं, मालकावर असतं. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवायची गरज नव्हती.

मग १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध झालं. गुलामीवरूनच. अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजाची नजर आमच्या वऱ्हाडावर आली. कापसाला सोन्याचा भाव चढला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. म्हणजे वऱ्हाडाची ती श्रीमंती काळ्यांच्या लढाईतून निघाली. आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं? वेचणी आली.

तर त्या कापसाच्या शेतात काळी माणसं गायली. राबताना एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी झेलायची. त्यातून ब्लूज. ब्लूजमधून, चर्चच्या गाण्यातून, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडमधून जॅझ. ब्लूज आणि चर्च पुन्हा भेटले, सोल झालं. जेम्स ब्राऊननं पहिल्या मात्रेवर घाव घातला, फंक झालं. हा जेम्स ब्राऊन लहानपणी कापूस वेचायचा, बूट पुसायचा. आणि १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काळे, लॅटिन, आणि ज्यांना घरानं-समाजानं बाहेर काढलं असे समलिंगी लोक रात्री एकत्र नाचायला लागले, त्यातून डिस्को. डेव्हिड मॅन्क्युसो नावाच्या माणसाच्या घरातच नाच चालायचा, त्याला ‘लॉफ्ट’ म्हणायचे. दारू विकायची नाही, दारात जात-रंग विचारायचा नाही. आशा पुथलीचं ‘स्पेस टॉक’ तिथं वाजायचं. ज्यांना बाहेर हात धरून चालता येत नव्हतं ते तिच्या आवाजावर हात धरून नाचत होते.

सर, ही अफू?

*

अफू असती तर जाळली का असती, ते सांगा.

१२ जुलै १९७९. शिकागोचं बेसबॉलचं मैदान. एका रेडिओवाल्यानं हाक दिली, डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले, बहुतेक गोरे तरुण. खेळाच्या मध्यंतरात रेकॉर्डींची पेटी मैदानात ठेवून सुरुंगानं उडवली. मग झुंड मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. त्या दिवशी दारावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा पुढं सांगत आला, की लोक आणत होते त्यांत डिस्को नसलेल्याही पुष्कळ रेकॉर्डी होत्या. काळ्यांच्या होत्या, एवढंच. तोच पोरगा काही वर्षांत शिकागोत हाऊस नावाचं नवं संगीत उभं करणाऱ्यांत सामील झाला. राखेतून ठोका पुन्हा उठला.

जाळलं तर आपणही आहे. २५ डिसेंबर १९२७, महाड, मनुस्मृती. पण फरक नीट बघा. आपण माणसाला बांधणारं पुस्तक जाळलं. त्यांनी बांधलेल्या माणसाचं मोकळं होणं जाळलं. आगीला आग म्हणून सारखं धरू नका. आणि जे त्यांनी जाळलं त्याला आपण कचरा म्हणायचं, म्हणजे त्यांच्या पेटीत आपलीही एक काडी.

नाच नको, विचार पाहिजे, असं सर म्हणतात. आमच्या माणसाचं अंग हजारो वर्षं दुसऱ्याच्या हुकमानं वाकलं. ते अंग स्वतःच्या मर्जीनं हललं तर तो विचार नाही?

*

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, ही बाई कोण? आपल्यातली आहे का?

नाही. शिकल्या-सवरल्या, वरच्या थरातल्या घरातली. कमलादेवी चट्टोपाध्याय तिच्या नात्यातल्या. तिला हिंदुस्थानी गाण्याचा गुरू मिळाला, पाश्चात्त्य गाण्याचाही. विमानात बसून न्यूयॉर्कला जाता आलं. जॉन हॅमंड नावाचा मोठा रेकॉर्डवाला तिला भेटला, ज्यानं बिली हॉलिडेला पुढं आणलं तोच. आमच्या वाड्यातल्या गळ्याला वाशीमच्या स्टँडपर्यंत जायला तिकिटाचे पैसे लागतात.

हे लपवायचं नाही. पण तेवढं सांगून थांबायचंही नाही. कारण हॅमंडनं तिला पाठवलं ते ऑर्नेट कोलमनकडं, आणि कोलमन कोण हे कळलं की या तबकडीचं मूळ हाती लागतं.

ऑर्नेट कोलमन. टेक्ससचा, फोर्ट वर्थचा, गरीब घरातला काळा. सॅक्सोफोन स्वतःच शिकला. एका गावी त्याचं वाजवणं लोकांना आवडलं नाही, तर त्याला बाहेर गाठून मारलं आणि सॅक्सोफोन फोडला. लॉस एंजेलिसला लिफ्ट चालवायची नोकरी केली. धातूचं वाद्य परवडेना, म्हणून प्लास्टिकचं घेतलं, पांढरं. त्या प्लास्टिकवर त्यानं जॅझचे सगळे कायदे मोडले. मोठे मोठे जाणकार म्हणाले, याला वाजवता येत नाही. २००७ मध्ये त्याच माणसाला पुलित्झर द्यावं लागलं.

वाचताना मला वाटलं, हा आमच्या पाळीतला माणूस आहे. लिफ्टवाला. स्वतः शिकलेला.

१९७१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला त्याच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीसाठी आशा पुथली दोन गाणी गायली. तबकडी आली १९७२ मध्ये. त्याच १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली, काळ्या पँथरांचं नाव घेऊन. एकाच साली मुंबईनं काळ्यांकडं दोन हात पसरले. एका हातात राजकारण आलं, एका हातात सूर. दोन हातांची एकमेकांशी ओळख नव्हती. आजही नाही.

म्हणून मी आशा पुथलीला शिव्या देत नाही, आणि ‘भारताची शान’ म्हणून डोक्यावरही घेत नाही. आता परदेशात तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा इकडं काहींना अभिमानाचे उमाळे आले. पन्नास वर्षं कुठं होता हा अभिमान? काळ्या पोरानं सूर उचलला नसता तर तुम्हाला आठवण आली असती का? तिनं काळ्यांकडून घेतलं, काळ्यानं तिच्याकडून घेतलं, देणं-घेणं फिटलं. मधे तुम्ही कोण?

*

आता मोठेबाबा, तुमचं.

तुमचं खरं होतं. मी हे जास्त जपून लिहितो, कारण इथं काळ्यांची गोष्ट आणि आपली गोष्ट जुळत नाही. आमचे लेखक घाईनं जुळवतात.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत चालले, चालता चालता माणसं गोळा केली. बंड मोडलं, आणि १७४० मध्ये कायदा आला, गुलामांनी ढोल वाजवायचा नाही. मालक ढोलाला भ्याला.

आमच्याकडं उलटं. तिथं मालकानं ढोल हिसकावला, इथं मालकानं गळ्यात अडकवला. पोळ्याला वाजव. लग्नात वरातीपुढं वाजव. मयतीला वाजव. देवळाच्या दारापर्यंत वाजव, पायरी चढू नको. आजा डफडं विस्तवावर शेकायचा, कातडं ताणलं की दोन काड्यांनी असं बोलवायचा की बैलसुद्धा मान वर करायचा. आणि मोबदला? पसाभर जोंधळा, पंगत उठल्यावरचं उरलंसुरलं. एका वर्षी आज्यानं पोळ्याला नाही म्हटलं. त्यापायी वाड्यानं काय सोसलं ते तुम्ही सांगता तेव्हा तुमचा आवाज अजून बदलतो.

म्हणजे काळा माणूस वाजवून मोकळा झाला, आणि आपला माणूस न वाजवून. दोन्ही बंडंच. तुमचं बंड मी खाली ठेवत नाही.

पण बाबा, ते डफडं अजून खुंटीवर आहे. आज्यानं ते जाळलं नाही, विहिरीत टाकलं नाही. खुंटीला टांगलं. का? हा प्रश्न मला रात्री रेच्यापाशी सुचतो.

मला वाटतं, आज्याला काम टाकायचं होतं, हात टाकायचा नव्हता.

आणि घरात जे लपवलंय ते मी इथं उघड करतो. माझा धाकटा भाऊ संदल पार्टीत वाजवतो. मित्राकडं अभ्यासाला जातो म्हणतो ते खोटं. त्याच्या हातात आजा आहे. मी ऐकलंय. मागच्या हंगामात एका गावी वरातीपुढं चार तास वाजवलं. नाचणाऱ्यांनी त्याच्या डोक्यावरून नोटा ओवाळल्या. जेवायची वेळ आली तेव्हा वाजवणाऱ्या पोरांची पानं गोठ्यामागं. साल कोणतं? मोबाईलवर आख्खी दुनिया वाजते ते साल.

भावानं गिळलं ते अन्न. दोन रात्री माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या रात्री म्हणाला, "दादा, वाजवणं सोडू काय?"

त्याला काय सांगू? सोड म्हणू, तर हात मरतो. वाजव म्हणू, तर मान मरते.

*

उत्तर आपल्याच घरात होतं. बाबासाहेबांच्या काळात तमाशातली माणसं उठली. तमाशात त्यांना हसायचे, भोगायचे. त्यांनी ढोलकी फेकली नाही. त्याच ढोलकीवर आंबेडकरी जलसा उभा केला. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी गावोगाव फिरले. वाद्य तेच, हुकूम बदलला. आधी पाटलाचा हुकूम, नंतर स्वतःचा. काळ्यांनी चर्चच्या गाण्याचं सोल केलं, तेच हे काम, आणि आपण ते कोणाचं न बघता केलं.

पुढं डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, काळ्यांचं साहित्य मराठवाड्यातल्या पोरांना सांगितलं. पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं लिहितं केलं. काळ्यांचं पुस्तक आपण घेतलं, पँथर घेतला. त्यांचा सॅक्सोफोन मात्र बोटीवरच राहिला. का? कारण लिहिणं म्हणजे वर चढणं आणि वाजवणं म्हणजे पुन्हा खाली, हे आपल्या डोक्यात कोणी भरलं? ज्यानं आपल्याला वाजवायला लावलं त्यानंच. पुस्तक पवित्र, कातडं अपवित्र. मनू जाळला आणि त्याचं हे एक पान खिशात ठेवलं.

तमिळ पोरांनी ते पानही फाडलं. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभा राहिला, त्यात मयतीचा म्हणून हिणवलेला पराई ढोल रॅपसोबत मंचावर आला. त्यातलाच अरिवु. २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आलं, जगभर वाजलं. शब्द त्याचे, आजीच्या तोंडून ऐकलेल्या भूमिहीनांच्या कहाण्या त्याच्या. आणि त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर दुसरे चेहरे आले, अरिवु नाही. ओरड झाली तेव्हा त्याचं वेगळं मुखपृष्ठ काढलं. गोठ्यामागचं पान ते हेच. फक्त कागद गुळगुळीत.

म्हणून भावाला मी आता सांगतो, आणि वाड्यातल्या प्रत्येक वाजवणाऱ्याला सांगतो. सोडू नको. पण पैसे आधी ठरव, आधी घे. पार्टीच्या गाडीवर मालकाचं नाव आहे, त्याखाली वाजवणाऱ्यांची नावं लिहायला लाव. पंगत एक, नाहीतर ठोका बंद. भर वरातीत बंद. आणि नाही म्हणायचा हक्क खिशात ठेव. आज्यानं तो मोठ्या किमतीला घेतलाय, तो स्वस्तात विकू नको. नाही म्हणता येतं त्याचंच हो खरं. कोलमनचं प्लास्टिक त्याच्या हुकमानं वाजत होतं, म्हणून ते सोन्याचं झालं.

सर, येत्या रविवारी समाजमंदिरात ‘सैतान सुटलाय’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत लावणार आहे. या. ऐकून शिव्या द्या, न ऐकता देऊ नका.

मोठेबाबा, तुम्ही तर याच. तबकडी संपली की भाऊ आज्याचं डफडं खुंटीवरून काढणार आहे. कातडं सैल पडलंय. किती शेकायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. ते तुम्हालाच माहीत आहे.

अनसिंग, जि. वाशीम